आयसीयूच्या आधीचे तास

सेप्सिसबद्दल बोलताना ‘जंतू गरीब-श्रीमंत बघत नाहीत’ असं म्हटलं जातं; ते जंतूंपुरतं खरं. पण सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर जाऊन अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, अँटिबायोटिक किती लवकर पोटात-रक्तात जातं याला फार महत्त्व, आणि ते मात्र रस्ता नि खिसा बघूनच मिळतं. म्हणून ‘तालुक्याला आयसीयू काढा’ हा सुचवला जाणारा उपायही मला अर्धाच वाटतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत उलट्या टोकाकडून, म्हणजे घरापासून सुरुवात केली. गावातल्याच बाईला शिकवलं: नवजात बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले की संशय घ्यायचा. घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू. सेप्सिस झालेल्या नवजात बाळांतला मृत्युदर 16.6 टक्क्यांवरून 2.8 वर आला. 1999 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आहेत. व्हेंटिलेटर वगैरे काही नव्हतं तिथे.