मदत हवी आहे: शनिवार-रविवारात साक्षगंध, पंचाहत्तरी, वास्तू, आणि मधेच मैत्रिणीकडे बसायला जायचं आहे

नमस्कार. अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातल्या लोकांकडून सल्ला हवा आहे. रस्त्यांबद्दल आणि रीतीभातीबद्दलही. सविस्तर लिहिते, कारण नुसता नकाशा बघून हे सुटत नाहीये.

मे महिन्यात पुण्याहून गावाकडे येतेय. मी, आई (वय ७२) आणि माझा सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याला रजा नाही. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, शनिवारी सकाळी बडनेऱ्याला उतरायचं, एवढं पक्कं आहे.

शनिवारी चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात मावसभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. निरोप अकराचा आहे, म्हणजे एक-दीड धरून चालायचं. रविवारी सकाळी दारव्ह्याजवळ मामाची पंचाहत्तरी. ७५ दिव्यांनी ओवाळायचं आहे आणि आई त्याची एकुलती बहीण, तेव्हा तिथे उशीर चालणार नाही. त्याच दिवशी आर्वीला नणंदेच्या घराची वास्तू. पूजा सकाळी आटोपेल, पंगती संध्याकाळी आहेत. नवरा येत नसल्यामुळे माहेरचा आहेर मलाच न्यायचा आहे. तिने कर्ज काढून, स्वतः उभं राहून घर बांधून घेतलंय. भावाकडून कोणीच आलं नाही असं व्हायला नको. रात्री वर्ध्याहून किंवा पुलगावहून परतीची गाडी.

यातलं काही गाळता येत नाही. खरा प्रश्न पुढे आहे.

नेरहून आत एका गावात माझी मैत्रीण आहे. अमरावतीला वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. चैत्रात तिचे वडील गेले. नेमकं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ना मातीला जाता आलं ना तेरवीला. काकांना मी नुसतं ओळखत होते असं नाही. कापूस विकायला अमरावतीला आले की ते वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहायचे. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा, आणि वाटा दोघींचा. माझ्या वडिलांनंतर माझी फी भरली का, हे विचारणारे तेच होते. आता मैत्रीण सासरहून येऊन तिच्या आईजवळ राहतेय. फोनवर ती एकच म्हणाली, "ये, पण घाईत येऊ नको."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. अर्धा तास बसून, चहा घेऊन, घड्याळ बघत उठणं मला तिच्याकडे करायचंच नाही.

नकाशावर नेर अगदी सोयीचं आहे, चांदूरहून नांदगाव खंडेश्वरमार्गे दारव्ह्याला जाताना वाटेतच लागतं. पण आई म्हणते, दोन शुभकार्यांच्या मधे दुःखाच्या घरी जाऊन कसं चालेल, तिथून उठून भावाला ओवाळायचं कसं? तिचा स्वतःचा जीव काकांसाठी तुटतो, पण मामी फार मानते आणि मामीला वाईट वाटू नये ही तिची काळजी. कार्यं आटोपून शेवटी जावं तर आर्वी एकीकडे आणि नेर दुसरीकडे. बडनेऱ्याहून आधी जावं तर तिथून साक्षगंधाला जाणं आलं, म्हणजे अडचण तीच.

म्हणून विचारते. तुमच्याकडे तेरवीनंतर हे कितपत पाळतात? मैत्रिणीसाठी आणि काकूंसाठी काय नेऊ? दुखवट्याची लुगडी नातेवाइकांनी द्यायची असतात, मी नात्यातली नाही. तरी काकूंना एक साधं लुगडं द्यावं असं फार वाटतं. ते रीतीत बसेल का?

रविवारचा रस्ताही सांगा. यवतमाळ, धामणगाव, पुलगाव करत आर्वी गाठायचं, की दुसरी वाट आहे? शकुंतला रेल्वे चालू असती तर आईने दारव्ह्याहून यवतमाळला त्याच गाडीने जायचा हट्ट धरला असता, पण ती कधीची बंद आहे. एसटीच्या भरवशावर ७२ वर्षांच्या बाईला आणि लहान मुलाला घेऊन मेच्या उन्हात फिरायची हिंमत नाही, म्हणून बडनेऱ्याहून गाडी ठरवायचा विचार आहे.

प्रतिसाद, यवतमाळहून

ताई, सुतक तेरा दिवसांचं. तेरवी झाली की ते फिटलं. त्यानंतर त्या घरी गेल्याने पंचाहत्तरीला काही बाधा येत नाही, आमच्याकडे तरी असंच मानतात. घरात वयस्कर माणसं असली तर एक गोष्ट सांभाळतात. तिथून थेट दुसऱ्याच्या देवघरात जात नाहीत, आधी आंघोळ करतात. मग तुम्ही शनिवारी रात्री मुक्कामच मैत्रिणीकडे का करत नाही? साक्षगंधाहून तीन-साडेतीनला निघालात तर उन्हं उतरता उतरता पोचाल. रात्री अंगणात बाजा टाकून बसा, बोला. सकाळी आंघोळ करून निघायचं. नेरहून दारव्हा दूर नाही, ओवाळायच्या वेळेत आरामात पोचता.

निघताना "येते" म्हणू नका, मुकाट्याने उठायचं. एवढं आमच्याकडे अजून पाळतात.

प्रतिसाद, कारंज्याहून

दारव्ह्याहून उलटं कारंजा लाडला या आणि समृद्धी महामार्गावर चढा. विरुळला उतरलं की आर्वी जवळ. किलोमीटर थोडे जास्त पडतात, पण वाटेत गावं, गतिरोधक, ट्रॅक्टर काही नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मेमध्ये सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापतो, टायर घासलेले असले तर फुटतात. गाडी ठरवताना टायर स्वतः बघा, ड्रायव्हरच्या शब्दावर राहू नका. आणि डिझेल-पाणी कारंज्यातच भरून घ्या, वर सावलीला थांबायला झाड मिळत नाही.

प्रतिसाद, दर्यापूरहून

ताई, मी तं म्हणतो समृद्धी राहू द्या. मायबाई सोबत आहेत, लेकरू आहे. यवतमाळ-धामणगाव रस्त्यानं जा, पाहिजे तिथं थांबता येते, पाणी भेटते, कोणी ओसरीवर बसू देते. दुपारी बारा ते चार गाडीतून उतरूच नका जी. लेकराच्या डोक्याले दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, अन् मीठ-साखरेचं पाणी घोटघोट देत राहा. कांद्यावर तुमचा विश्वास नसंल तरी ठेवा, पण पाणी चुकवू नका.

जेवणाचं सांगतो. आपल्याकडं जेवल्याबिगर कोणी उठू देत नाही, अन् नाही म्हटलं तं राग येते. सकाळीच फोन करून सांगून ठेवा, "आज पन्हं पिऊन निघतो, जेवण फक्त आर्वीले." आधी सांगितलं तं कोणी राग मानत नाही.

प्रतिसाद, वर्ध्याहून

परतीची गाडी वर्ध्याहूनच बघा. पुलगावला लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्या थांबत नाहीत. आर्वीहून वर्ध्याला यायला दीड तास हाताशी ठेवा, म्हणजे पंगत उशिरा बसली तरी जीव टांगणीला लागणार नाही.

लुगड्याचं म्हणाल तर द्या. दुखवटा म्हणून नाही, लेकीने आईला दिलं म्हणून द्या. पांढरं किंवा फिकं असं मुद्दाम शोधू नका, त्या रोज नेसतात तसलंच घ्या. मैत्रिणीसाठी वस्तू नेण्यापेक्षा एक काम विचारा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेचं खातं, पीककर्ज असे कागद तलाठी कार्यालयातून आणि बँकेतून फिरवावे लागतात. तिने एकटीने किती केलं आणि काय अडलंय, ते रात्री बसून बघा. मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या आधारच्या प्रती एका फाइलीत लावून दिल्यात तरी तिचा मोठा भार हलका होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्कामाचं आईला सांगितलं, ती लगेच तयार झाली. मग मीच मामीला फोन केला. आडून विचारलं नाही, सरळ सांगितलं. मामी म्हणाली, "बाप गेलेल्या पोरीकडे नाही जाशीन तं कोणाकडे जाशीन? न्हाऊन ये, बस." वर म्हणाली, तिच्या मायसाठी इथून डबा देते, परत जाताना कोणाच्या हाती पोचवते.

साक्षगंधाचंही ठरलं. मावसभावाला आत्ताच सांगितलंय, मुलीला कुंकू लावून, आहेर देऊन, नाश्ता करून आम्ही उठू. तो थोडा हिरमुसला, पण त्याच्या लग्नात काकांनीच बैलगाडी पाठवली होती, हे त्याला आठवलं.

कागदांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मैत्रिणीला विचारलं तर वारसनोंदीचा अर्ज अजून दिलेलाच नाही. सातबाऱ्याचा उतारा मी इथूनच ऑनलाइन काढून आणते, बाकीचं तिथे बसून भरू.

रविवारी यवतमाळ-धामणगाव रस्त्यानेच जाईन, आईला मधे पाय मोकळे करावे लागतात. आता गाडीचं तेवढं राहिलंय. बडनेऱ्याहून दोन दिवसांसाठी, मुक्कामाला तयार असलेला ड्रायव्हर हवा आहे. गावात त्याच्या झोपण्या-जेवणाची सोय मैत्रिणीच्या चुलत्यांकडे होईल. तुमच्याकडे रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता वेगळा घेतात का, आणि तो ठरवतानाच बोलून घ्यायचा का? कोणी अलीकडे अशी गाडी केली असेल तर कृपया दर तेवढा सांगा.