तालमीच्या हॉलसाठी केंद्राचं बिल्डिंग ग्रँट: स्वहिस्सा, ट्रस्टचे कागद आणि लाइट-साउंड

रंगपेटी:
आमची हौशी नाट्यसंस्था जिल्ह्याच्या गावी आहे. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट, अशी दोन्हीकडे नोंद आहे. जागा संस्थेच्या नावावर, वर पत्र्याची जुनी शेड. ती पाडून शंभरेक माणसं बसतील असा तालमीचा हॉल, त्यात दिवे आणि ध्वनियंत्रणा, असं ३८ लाखांचं अंदाजपत्रक आर्किटेक्टने दिलं आहे. केंद्राकडून यातले किती मिळतील? लाइट-साउंडचा अर्ज वेगळा करायचा का? उरलेली रक्कम सभासदांकडून बिनव्याजी उसनी घ्यावी, असं कार्यकारिणीचं मत आहे. चालेल का?

अनुदानवही:
संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत बिल्डिंग ग्रँट हा घटक आहे, स्टुडिओ थिएटर म्हणजे छोटं नाट्यगृहही त्यातच येतं. महानगरांत कमाल ५० लाख, बाकी ठिकाणी २५ लाख. पण ही वरची मर्यादा झाली. प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच अनुदान, बाकीचे ४० टक्के संस्थेचे. म्हणजे ३८ लाखांवर जास्तीत जास्त २२ लाख ८० हजार, आणि स्वहिस्सा १५ लाख २० हजार.

अंदाजपत्रक फुगवून काही हाती लागत नाही. साधारण ४१ लाख ६७ हजारांला २५ लाखांची मर्यादा गाठली जाते. त्यापुढचा प्रत्येक रुपया संस्थेचा. शिवाय पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता झालेलं काम बघून सुटतो, त्यामुळे ठेकेदाराचं काम मध्येच थांबणार नाही एवढी रोकड हाताशी हवी.

लाइट, साउंड, अकूस्टिक्स (हॉलमध्ये आवाज नीट पोचावा यासाठीचं काम), खुर्च्या हे सगळं इमारतीच्या कामासोबत त्याच अर्जात धरता येतं. रेपर्टरी ग्रँटमध्ये हे घालू नका, ते गुरू-शिष्यांच्या मानधनासाठी आहे.

आर्किटेक्टला एक नक्की विचारा, जीएसटी धरलाय का? बांधकामाच्या ठेक्यावर १८ टक्के लागतो आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर त्यातला एक पैसाही वजा मिळत नाही. ३८ लाख कराशिवाय असतील तर खरा आकडा ४५ लाखांच्या जवळ जातो आणि वरचं सगळं गणित बदलतं.

विश्वस्तमंडळ:
उसन्या पैशांचं आधी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठी असं कर्ज काढता येत नाही. बिनव्याजी असलं, सभासदाचं असलं तरी ते कर्जच. ताळेबंदात दायित्व म्हणून दिसतं आणि ऑडिटर शेरा मारतो. देणगी घ्या, पावती फाडा, इमारत निधी म्हणून वेगळं शीर्षक ठेवा.

दुसरं, आजच परिशिष्ट १ चा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा, ताजा उतारा काढा. अर्जावर सही करणारे अध्यक्ष-सचिव आणि उताऱ्यावरची नावं जुळली पाहिजेत. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली तसा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, पण कितीतरी संस्थांच्या उताऱ्यावर अजून दिवंगत विश्वस्तांची नावं आहेत. चांगल्या संस्थांचे अर्ज इथे अडकतात आणि फार वाईट वाटतं, कारण कामात कुठेच कमी नसते. तीन निवडणुकांचे बदल अर्ज प्रलंबित असतील तर आधी सर्वांत जुना निकाली काढून घ्या, त्याशिवाय पुढचे सरकत नाहीत.

जागेची नोंदही त्याच उताऱ्यावर स्थावर मालमत्तेत आहे का बघा. प्रॉपर्टी कार्डवर संस्थेचं नाव आहे आणि परिशिष्टात जागाच नाही, असं सर्रास असतं. भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी अटी असलेली) जमीन असेल तर तिच्या अटी तपासून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कुठे लागते ते आधीच विचारा.

रंगपेटी:
उताऱ्यावर २०१४ ची कार्यकारिणी आहे! लगेच वकिलांना गाठतो. लाइटच्या यादीत २४ पार (झोत टाकणारे दिवे), डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि एक कन्सोल (दिवे चालवायचा फलक) आहे. ठीक आहे ना?

झोतवाला:
२४ हॅलोजन पार म्हणजे प्रत्येकी १००० वॅटने २४ किलोवॅट, वर एसी. शेडचं जुनं मीटर यात कुठेच पुरणार नाही. थ्री फेज जोडणी, वाढीव मंजूर भार आणि अर्थिंग हे अंदाजपत्रकात नसेल तर दिवे खोक्यात पडून राहतात. एलईडी पार घ्या. २०० वॅटचे २४ लावले तरी ४.८ किलोवॅट, आणि डिमर यादीतून जातो. तालमीच्या छोट्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज थेट नटाच्या कानात येतो, म्हणून बिनपंख्याचे मागा.

कन्सोलकडून दिव्यांना जाणाऱ्या सिग्नलसाठी डीएमएक्सची (दिवे चालवायच्या सिग्नलपद्धतीची) १२० ओहमचीच केबल लिहा. माइकची केबल वापरली तर रांगेतले शेवटचे दिवे मधूनच फडफडतात, आणि दोष दिव्याला दिला जातो. शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा प्लग) लावायचा, तो कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

लाइटचे बार टांगायचे हुक स्लॅब ओतण्याआधी नकाशात दाखवा. नंतर भोकं पाडून लावलेल्या अँकरवर अशी वजनं टांगायला मी सांगणार नाही. आणि स्लॅब दहा फुटांवर असेल तर दिवे नटाच्या डोळ्यांत येतील, उंची आत्ताच वाढवून घ्या.

अनुदानवही:
सामानाच्या कोटेशनमध्ये 'साउंड सिस्टिम, १ नग' असं येऊ देऊ नका. मेक, मॉडेल, नग, बसवण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, बिलावर अनुक्रमांक असू द्या. तपासणीला येणारा माणूस मालमत्ता नोंदवही उघडून तेच आकडे स्पीकरच्या पाठीवर शोधतो.

अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. त्यावरचं व्याज तुमचं नाही, ते केंद्राच्या तिजोरीत परत भरायचं. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात, सीएच्या सहीने, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. अनुदानातून घेतलेलं सामान परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही, हे पुढच्या कार्यकारिणीलाही कळावं म्हणून ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.