‘डीआरएम मास्टर’साठी ‘ताबेदार’ चालेल का?

प्रश्न (घणसोली):
लिनक्सवर चालणाऱ्या माहितीफलकांची मराठी पुस्तिका लिहिताना मी ‘डीआरएम मास्टर’ या संज्ञेपाशी अडलो आहे (डीआरएम म्हणजे डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, लिनक्समधली ग्राफिक्स सांभाळणारी यंत्रणा). पडद्याचे रिझोल्युशन बदलण्याचा आणि त्यावर कोणते चित्र दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार ग्राफिक्स ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला देतो आणि त्या प्रोग्रामला ‘मास्टर’ म्हणतात. एक कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) चालू असताना मी त्याच पडद्यासाठी दुसरा सुरू करून पाहिला, तेव्हा त्याला सरळ नकार मिळाला. ‘मालक’ म्हणावे, तर हार्डवेअर अखेर कर्नलच्याच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्याच, हाती असते. पडद्याचा ताबा त्या प्रोग्रामकडे असतो म्हणून मी ‘ताबेदार’ लिहिले, पण सहकाऱ्यांनी हरकत घेतली. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे):
हरकत रास्त आहे. ‘जमीनदार’, ‘ठेकेदार’ यांच्या चालीवर ‘ताबेदार’ म्हणजे ताबा असणारा असे वाटते खरे, परंतु रूढ अर्थ नेमका उलटा, म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात असणारा, हुकमाचा चाकर असा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थच मागून चालणारा असा होतो. आपली पुस्तिका वाचणारा तंत्रज्ञ मास्टरला नोकर समजेल.

मी ‘कब्जेदार’ सुचवतो. जमिनीच्या व्यवहारात मालकी आणि कब्जा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात, आणि इथेही तोच भेद आपल्याला हवा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन अक्षरांचा कन्सोल येतो, तेव्हा कंपोझिटरने कब्जा सोडलेला असतो. परत आल्यावर तो कब्जा पुन्हा घेतो. ‘कब्जा’ शब्दाला बळजबरीचा वास येतो असे कोणी म्हणेल, पण खरेदीखतातही ‘प्रत्यक्ष कब्जा दिला’ असेच लिहितात.

उत्तर (वाशी):
‘कब्जेदार’ मलाही मान्य आहे, आणि त्याच्या जोडीने ‘लीज’ या सोबतच्या संज्ञेचा प्रश्नही सुटतो. २०१८ साली आलेल्या कर्नल ४.१५ पासून कब्जेदार आपल्याकडील एखादे कनेक्टर (पडदा जोडायची जागा) दुसऱ्या प्रोग्रामच्या हवाली करू शकतो. डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटसाठी ही सोय झाली. सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यामुळे नवी मुंबईत हा व्यवहार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे भाडे नसल्याने नुसते ‘पट्टा’ म्हणावे. पट्टेदाराला नेमून दिलेल्या कनेक्टरपलीकडे हात घालता येत नाही आणि देणारा पट्टा रद्दही करू शकतो. ज्या प्रोग्रामला केवळ चित्र रंगवायचे आहे, त्याला कब्जाही नको आणि पट्टाही नको. त्याच्यासाठी २०१३ पासून वेगळे रेंडर नोड (चिपकडे जाण्याचे स्वतंत्र मार्ग) आहेत.

मात्र पुस्तिकेत ‘फेन्स’ ही संज्ञा आली, तर तिचे भाषांतर ‘कुंपण’ असे कृपया करू नये. ही चूक मी पूर्वी स्वतः केली आहे. कुंपण जागा अडवते, तर हा फेन्स काम संपल्याची खबर देतो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि ग्राफिक्स चिपचे रंगवणे पुरे होण्याआधीच कंपोझिटरने ते चित्र पडद्यावर लावले तर अर्धवट चित्र दिसते. म्हणून तो फेन्सची वाट पाहतो. यासाठी ‘पोच’ हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण पोच एकदाच मिळते आणि दिलेली पोच मागे घेता येत नाही. कर्नलमधला फेन्सही एकदा सिग्नल झाला की पूर्ववत होत नाही.

प्रश्नकर्ता (घणसोली):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुरुस्त मजकूर असा झाला: ‘पडद्याचा कब्जेदार एका वेळी एकच असतो. त्याने चिपकडून पोच आल्याशिवाय नवे चित्र लावू नये, आणि दुसऱ्या प्रोग्रामला कनेक्टर द्यायचे असल्यास ते पट्ट्याने द्यावे.’ पहिल्या उल्लेखात प्रत्येक शब्दाशेजारी मूळ संज्ञा देवनागरीत देईन, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची अडचण होणार नाही.