पुरात कडबा, कडवळ अन् गायरान गेलं: चाऱ्याची भरपाई कोणत्या शीर्षाखाली?

सिंदफणाकाठ (प्रश्न):
माजलगाव तालुका. रानात पाणी थांबून अर्धा एकर कडवळ आणि वीस गुंठे मका सडली. कडब्याची गंज वाहून गेली, गायरानावर गाळ बसलाय. एक म्हैस दगावली, गोठा पडला. तलाठी पंचनाम्याला येणार आहेत. चाऱ्याचे पैसे मिळतात का? पंचनाम्यात काय काय लिहून घ्यावं?

बांधकरी:
दादा, चाऱ्याची म्हणून सरसकट रक्कम मिळत नाही. केंद्राच्या 2022-26 च्या आपत्ती निकषांत (खालचे आकडे त्यातलेच) साठवलेल्या कडब्याला आणि गायरानातल्या गवताला शीर्षच, म्हणजे मदतीचं वेगळं कलमच, नाही. म्हणून नुकसान तुकड्यातुकड्यानं मांडा.

उभं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) आणि मका पीक म्हणून धरतात. नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं. जिरायतीला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. तुमचे मिळून चाळीस गुंठे, म्हणजे 0.40 हेक्टर: जिरायती धरलं तर 3,400, बागायती धरलं तर 6,800. विहीर-बोअरची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर जिरायतीच धरतात, ते आधी बघा.

बहुतेकांचं अडतं ते ई-पीक पाहणीत, म्हणजे ॲपवरच्या पीक नोंदीत. सगळ्या गटाला सोयाबीन किंवा कापूस लावून मोकळे होतात आणि चाऱ्याचा पट्टा नोंदवायचा राहतो. मग पंचनाम्यात तो येणार कुठून? नोंद केल्यापासून 48 तासांत ॲपवर दुरुस्ती होते. मुदत गेली असेल तर तलाठ्यांना प्रत्यक्ष रान दाखवा आणि पीक कोणतं होतं ते पंचनाम्यात शब्दात लिहून घ्या.

म्हशीचे 37,500 आहेत. बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. निकषात एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं 3 किंवा लहान 30 अशी मर्यादा आहे. 2025 च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये राज्यानं 3 जनावरांची अट काढली होती. शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर दिसेल असा फोटो ठेवा. घराला लागून गोठा असेल तर 3,000 वेगळे.

सिंदफणाकाठ:
आणि गंज? जुना फोटो आहे.

बांधकरी:
पेंढ्यांचा आकडा घालून लिहूनच घ्या. आज शीर्ष नसलं तरी पुढं राज्यानं चाऱ्यासाठी काही जाहीर केलं, तर ज्याच्या पंचनाम्यात नोंद नाही त्याच्याकडे पुरावा राहत नाही.

सातबारा_मदत:
पंचनामा होऊनही पैसे रखडतात ते पुढच्या पायरीला. यादी अपलोड झाली की विशिष्ट क्रमांक येतो, तो घेऊन सेतू किंवा आपले सरकार केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करायची. ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना 2025 मध्ये यातून सूट दिली होती. रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जाते. जुनं खातं बंद पडलं असेल तर परत फिरते. सातबाऱ्यावर सामायिक खातं असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र आजच करून ठेवा, भावकीतला एकजण पुण्याला असला की महिने जातात.

गायरान:
गायरानाचं दुखणं यानं भागत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि पंचवीस शेळ्या आहेत, त्याला पीक मदतीचा उपयोग काय? अमेरिकेत दुष्काळानं चराईचं गवत गेलं तर पशुपालकाला महिन्याच्या चारा खर्चाच्या 60 टक्के हिशेबानं रक्कम मिळते. तसं शीर्ष इथं व्हायलाच हवं.

आपल्याकडे आहे ती चारा छावणी, जिथं जनावरं ठेवून चारा-पाणी देतात. त्याच 2022-26 च्या निकषात मोठ्या जनावराला रोज 80, लहानाला 45 रुपये. पण ते छावणी चालवणाऱ्याला मिळतात, शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत. छावण्या बहुधा दुष्काळातच उघडतात, पुरानंतर त्यांच्या भरवशावर राहू नका. मात्र छावणीबाहेरच्या जनावरांपर्यंत चारा पोचवायचा वाहतूक खर्च निकषात बसतो. ग्रामपंचायतीचा ठराव, बिल्ल्यांनुसार जनावरांची यादी आणि रोजची गरज टनांत लिहून तहसीलदारांना द्या, एक प्रत पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला. शेळीवाल्यांची नावं यादीत सगळ्यात वर घाला.