काकांचा वाय-डीएनए आमच्या आडनावाच्या गटाशी जुळत नाही. आता कोणाची चाचणी करू?

नमस्कार, जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्या आडनावाचा मूळपुरुष शोधतेय. वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. वडील गेले, मला भाऊ नाही, म्हणून वडिलांच्या सख्ख्या चुलतभावाला, वय ७८, गळ घातली. काकांनी आनंदाने नमुना दिला. ३७ मार्करची, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागा तपासणारी चाचणी केली. आमच्याच आडनावाच्या, चाचणी केलेल्या लोकांचा एक गट आहे, त्यातल्या एकाशीही ते जुळले नाहीत! उलट भलत्याच आडनावाच्या दोघांशी ३७ पैकी ३५ मार्कर जुळले.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून काकांना विचारून त्याच नमुन्यावर ऑटोसोमल (आई-वडील दोघांकडून आलेल्या डीएनएची) चाचणी केली, माझीही केली. आमची जुळणी ४२० सेंटिमॉर्गन (समान डीएनए मोजायचं एकक). या नात्यात सरासरी ४३०च्या आसपास असते, म्हणजे नमुना काकांचाच आणि माझे आजोबा आणि काकांचे वडील सख्खे भाऊ असावेत. मग धागा तुटला तो पणजोबांपाशी किंवा त्याच्याही वर. कोणी दत्तक आलं होतं का, आईचं आडनाव लावलं का, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

आणि काका रोज फोनवर विचारतात, "लागला का गं पत्ता?" काय सांगू?

प्रतिसाद १
गटातले लोक आपसात जुळतात का? व्यवसायावरून पडलेलं एकच आडनाव कितीतरी घराण्यांनी स्वतंत्रपणे घेतलेलं असतं. तसं असेल तर तुमचं काही तुटलेलंच नाही.

धागाकर्ती
नऊपैकी सहा जुळतात. त्यांतल्या दोघांच्या वंशावळी कागदोपत्री आमच्या खापरपणजोबांच्या आजोबांना येऊन मिळतात. म्हणूनच जीव अडकलाय.

प्रतिसाद २
मग पणजोबांच्या सख्ख्या भावाचा वंशज गाठा, मुलाकडून मुलाकडे आलेला. तो गटाशी जुळला तर बदल पणजोबांपाशी झाला. काकांशी जुळला तर खापरपणजोबांपाशी किंवा त्यांच्या वडिलांपाशी. त्या ३५ मार्करवाल्यांना मात्र लगेच भाऊबंद मानू नका, ती जुळणी आडनावं पडण्याआधीचीही असू शकते. काकांचा नमुना १११ मार्करपर्यंत तपासून घ्या. त्या दोघांचं आडनाव तुमच्या ऑटोसोमल जुळण्यांच्या यादीत दिसलं नाही म्हणून नातं नाही, असंही समजू नका. खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांतसुद्धा दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही.

प्रतिसाद ३
काकांना खरं सांगा, पण आधी विचारा, "नको असलेलं काही निघालं तर ऐकायचंय का?" हे खरं तर नमुना घेण्याआधीच विचारायचं असतं. सोबत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची गोष्ट सांगा. २०१२ साली लेस्टरला त्याचा सांगाडा सापडला. आईकडच्या वंशजांशी मायटोकाँड्रियल डीएनए (जो फक्त आईकडून मुलांना मिळतो) जुळला, पण कागदोपत्री त्याच्याच पुरुषवंशातल्या पाच जणांपैकी एकाशीही वाय जुळलं नाही. त्या पाचांतलाही एक बाकी चौघांहून वेगळा निघाला. इतक्या पिढ्यांत असं कुठेतरी होतंच, त्यात कोणाची बेअब्रू नाही.

धागाकर्ती
विचारलं. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ होता. त्याच्या नातवाचा नंबर आहे माझ्याकडे. मीच बोलतो."