गल्फचा पगार : बांधलेला म्हणे!

पगारपत्रक : ‘गल्फमध्ये बांधलेला पगार, कर शून्य, राहणं-खाणं कंपनीचं, तरी यांचं रडगाणं चालूच,’ ही काल फिरलेली पोस्ट वाचून डोकं उठलं. बांधलेलं असतं ते फक्त बेसिक. कतारमध्ये मार्च 2021 पासून ते महिना किमान 1000 रियाल. घर चालतं ओव्हरटाइमवर. प्रोजेक्ट संपत आला की ओव्हरटाइम बंद. कर्जाचा हप्ता काही कमी होत नाही.

रोखठोक : किमान वेतन आलं हे तरी कबूल करा की! 2020 मध्ये तिथे नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत पत्राची, अटही गेली. पटत नसेल तर कंपनी बदला. सगळ्यांना सरसकट बिचारे करून ठेवलंय.

दोन_पाळ्या : बदला म्हणे! मी स्कॅफोल्डर होतो, बांधकामावर परांची बांधणारा. आपल्या कायद्याने एजंटला 30,000 आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. माझ्याकडून लाखावर घेतले, पावती मात्र कायद्यात बसेल तेवढ्याचीच. ते कर्ज डोक्यावर असताना फोरमनशी वाकडं घ्यायची छाती होते का, सांगा.

रोखठोक : नोंदणीकृत एजंट बघायचा होता.

दोन_पाळ्या : नोंदणीकृतच होता, साहेब! पैसे घ्यायला ऑफिसबाहेर वेगळा माणूस.

चुलत_दुबईकर : आमच्या भावाकडून तर मेडिकलचे दोनदा घेतले. आधी या एजंटांना आत टाका, पगाराचं नंतर बघू.

सायली_एन : एजंट एजंट काय लावलंय? पगार कामावर नाही, पासपोर्टवर ठरतो. परदेशी घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी फिलिपिन्सने 2006 मध्येच महिना 400 डॉलरची अट घातली. आपल्या सरकारने 2020 मध्ये गल्फला जाणाऱ्या आपल्या कामगारांसाठी ठरवलेलं किमान वेतन उलट खाली आणलं, ओरड झाल्यावर 2021 मध्ये निर्णय मागे घेतला. एकाच घरात, एकाच कामाला दोन पगार का, यावर बोला.

रोखठोक : पगार वाढवून मागितला की मालक दुसऱ्या देशातली माणसं आणतो. मग बसा घरी.

सायली_एन : म्हणजे स्वस्तात राबणं हीच आपली लायकी? धन्य!

रोखठोक : शब्द तोंडात कोंबू नका. बरं, कर्जबाजारी माणसाला ‘कंपनी बदला’ सांगणं सोपं आहे, हे मान्य. एवढंच हं. कर शून्य हा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

पगारपत्रक : 1000 रियालवाल्याला इथेही कर शून्यच बसतो, राव.

चुलत_दुबईकर : ते मेडिकलचे पैसे परत मिळतात का कुणाला माहीत?