गिफ, लिनक्स, कॅशे: तांत्रिक नावे देवनागरीत लिहिताना उच्चार कोणाचा धरावा?

संगणकाच्या पदविका अभ्यासक्रमासाठी मी काही वर्षांपासून मराठीतून टिपणे लिहिते आहे. व्याख्या, आकृत्या आणि उदाहरणे यांपेक्षा माझा जास्त वेळ एकाच प्रश्नात जातो, तो म्हणजे अमुक नाव देवनागरीत लिहायचे कसे. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो अक्षरे लिहून मोकळा होतो आणि उच्चार वाचणाऱ्यावर सोपवतो. देवनागरीत ती मोकळीक नाही. हलत्या चित्रांच्या त्या परिचित फायलीचे नाव लिहायला घेतले की पहिले अक्षर 'गि' लिहावे की 'जि', हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. लेखन केले की उच्चाराचा निवाडा झालाच, आणि म्हणूनच तो विचारपूर्वक व्हावा असे मला वाटते.

याच नावापासून सुरुवात करते. हा प्रकार १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांनी तयार केला. त्यांचा स्वतःचा उच्चार 'जिफ' होता, आणि २०१३ मध्ये वेबी पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आपल्या पाच शब्दांच्या भाषणात एवढेच सांगितले की उच्चार जिफ आहे, गिफ नव्हे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की पहिले अक्षर 'ग्राफिक्स' या शब्दाचे आहे, तेव्हा तिथे ग हवा. हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटला तरी टिकत नाही, कारण त्याच न्यायाने 'जेपेग' या छायाचित्रांच्या फायलीच्या नावातल्या पीचा उच्चार फ करावा लागेल. तो पी 'फोटोग्राफिक' या शब्दाचा आहे, आणि 'जेफेग' असे कोणीही म्हणत नाही. आद्याक्षरे जोडून झालेला शब्द एकदा शब्द म्हणून तोंडात बसला, की ज्या शब्दांची ती आद्याक्षरे होती त्यांच्या उच्चाराशी त्याचे नाते उरत नाही.

तरीही मी टिपणांत 'गिफ' असेच लिहिते, आणि त्याचे कारण वेगळे आहे. 'तिने दोन गिफ पाठवल्या', 'ही गिफ उघडत नाही' अशी वाक्ये आपण सहज बोलतो. म्हणजे या शब्दाला मराठीत स्त्रीलिंग मिळाले आहे, अनेकवचनी क्रियापद मिळाले आहे, आणि तो एका वस्तूचे विशेषनाम न राहता एका जातीच्या वस्तूंचे सामान्यनाम झाला आहे. सामान्यनामाचा उच्चार बोलणारे ठरवतात. विशेषनामाचे तसे नाही. विशेषनामाच्या बाबतीत ज्याने नाव ठेवले त्याला आधी विचारावे, जसे आपण नव्या ओळखीच्या माणसाला आडनाव कसे लिहिता म्हणून विचारतो. तांत्रिक शब्दांच्या उच्चाराचे बहुतेक वाद हा एक भेद लक्षात न घेतल्यामुळे होतात असे माझे मत आहे, आणि ते पुढे उदाहरणांनी तपासून पाहते.

त्याआधी या प्रश्नाला मी इतके महत्त्व का देते ते सांगणे आवश्यक आहे. एका तोंडी परीक्षेत मी अंतर्गत परीक्षक म्हणून बसले होते. मराठी माध्यमातून आलेली एक विद्यार्थिनी विदासंरचनेवरच्या प्रश्नाचे उत्तर देत होती: रांगेसारख्या या रचनेत जो घटक आधी येतो तोच आधी बाहेर पडतो, दोन टोकांना दोन दर्शक असतात, दोन्ही दर्शक कसे पुढे सरकतात, हे सारे तिने बिनचूक सांगितले. पण 'क्यू' हा शब्द तिने आयुष्यात फक्त वाचला होता, कधी ऐकला नव्हता. त्याच्या रोमन लेखनातले चारही स्वर तिने एकेक करून उच्चारले. बाहेरून आलेले परीक्षक हसले. त्यानंतरच्या दोन प्रश्नांची उत्तरे तिला येत होती हे मला माहीत होते, पण ती मान खाली घालून गप्प राहिली. माझ्याच टिपणांत तो शब्द मी रोमन लिपीत तसाच ठेवला होता. त्या दिवसापासून मी एकही तांत्रिक शब्द देवनागरीत लिहिल्याशिवाय सोडत नाही. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थीही आहे. तो स्क्रीन रीडरच्या आवाजातून टिपणे ऐकतो, आणि मी 'लिनक्स'ऐवजी 'लायनक्स' लिहिले तर त्याला लायनक्सच ऐकू येणार. अशा वाचकांसाठी लेखन हाच उच्चाराचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव धडा असतो.

आता विशेषनामे. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या, संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीला आपल्याकडे 'लायनक्स' म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची चूक कुठून आली हेही समजण्यासारखे आहे: इंग्रजीत त्यांच्या नावाचा उच्चार 'लायनस' होतो, म्हणून प्रणालीही लायनक्स. परंतु टोरवाल्ड्स हे फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक कुटुंबातले, आणि आपण हे नाव कसे उच्चारतो हे त्यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. तो उच्चार 'लिनुक्स'च्या जवळचा आहे. मराठीत रूढ असलेले 'लिनक्स' त्याच्यापासून फार दूर नाही, तेव्हा तेच ठेवावे आणि 'लाय' सोडावा.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची गोष्ट तर मराठी माणसाला सोयीचीच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये तो जाहीर केला. त्याच नावाच्या प्राण्याचा उच्चार इंग्रजीत 'नू' असा, आरंभीचा ग गाळून होतो; पण प्रकल्पाच्या नावात ग उच्चारायचा आणि तो नला जोडून एकाच अक्षरात उच्चारायचा, अशी स्पष्ट सूचना आहे. इंग्रजी जिभेला हे जोडाक्षर शब्दाच्या आरंभी अवघड जाते, म्हणून तिकडे मध्ये हलकासा अ येतो. अग्नी आणि मग्न म्हणणाऱ्या आपल्याला तो अ घालण्याची गरज नाही. ज्या थोड्या ठिकाणी देवनागरी रोमनपेक्षा काटेकोर ठरते, त्यांपैकी हे एक.

इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ मध्ये लोकांसाठी खुला केलेला वेब सर्व्हर मी अनेकांच्या तोंडून 'एन्जिंक्स' असा ऐकला आहे. एन-जी-आय-एन-एक्स ही अक्षरे पाहिली तर दुसरे काय वाचणार? मात्र निर्मात्याच्या मनातले नाव म्हणजे इंग्रजीतला 'इंजिन' हा शब्द आणि पुढे एक्स हे अक्षर. इंजिन हा शब्द मराठीत आगगाडीबरोबरच येऊन रुजला आहे, म्हणून 'एंजिन' असे नवे रूप न घडवता 'इंजिन-एक्स' असेच लिहावे. असे लिहिले की नावाचा अर्थही विद्यार्थ्याला आपोआप कळतो.

सर्वांत जास्त विचार मला टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीने करायला लावला. तिच्या कर्त्याचे आडनावच एक धडा आहे: मराठी पुस्तकांत ते कधी 'नूथ' तर कधी 'नुथ' असे दिसते, पण स्वतः डोनाल्ड कनूथ आरंभीचा क स्पष्ट उच्चारतात. १९७८ मध्ये तयार झालेल्या या प्रणालीचे नाव त्यांनी ग्रीक भाषेतल्या कला आणि कौशल्य अशा दोन्ही अर्थांच्या शब्दावरून घेतले, आणि शेवटचे अक्षर ग्रीक 'खी' आहे, इंग्रजी एक्स नव्हे, हे आवर्जून लिहून ठेवले. ते म्हणतात तो ध्वनी घशातून घासत येणारा आहे. उर्दूत नुक्ता दिलेल्या खचा तो असतो. मराठीत नुक्ता नाही. पण हा ध्वनी आपल्या दाराशी पहिल्यांदाच आलेला नाही: फारसीतून खबर, खास, खर्च हे शब्द आले तेव्हाही त्यांत हाच घर्षक ध्वनी होता, आणि मराठीने तो साध्या खमध्ये सामावून घेतला. त्या परंपरेने पाहिले तर 'टेख' हे रूप सर्वांत योग्य ठरले असते. प्रत्यक्षात गणित आणि भौतिकशास्त्राच्या विभागांतून 'टेक' आणि 'लाटेक' हीच रूपे ऐकू येतात. लाटेक ही टेकवर आधारलेली प्रणाली; तिचे कर्ते लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्या उच्चाराबाबत सक्ती केलेली नाही, त्यामुळे 'लाटेक' आणि 'लेटेक' दोन्ही चालतात. 'लॅटेक्स' मात्र टाळावे, कारण तो रबराच्या चिकाचा शब्द आहे.

देवनागरी काटेकोर असली तरी एका ठिकाणी तीही उच्चार झाकते, हे इथे मान्य केले पाहिजे. आपल्या च, ज, झ या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लेखनात त्यांचा भेद दिसत नाही. 'जावा' हे नाव लिहून पाहा. सख्ख्या जावा म्हणताना जो ज येतो तो दंततालव्य. कॉफीवरून नाव मिळालेली, १९९५ मध्ये बाहेर आलेली संगणकभाषा इंग्रजीत तालव्य ज घेऊन येते. वर्गात दोन्ही ऐकू येतात, आणि लिहिलेला शब्द कोणालाच दुरुस्त करत नाही. शब्दाच्या आरंभी इ, ई, ए या स्वरांपूर्वी ज बहुधा तालव्यच होतो, म्हणून जेपेग किंवा जेसन यांत ही अडचण येत नाही. जावासाठी कोणी 'ज्यावा' लिहिण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही उच्चार घरचेच मानावेत, इतकेच.

ज्या संक्षेपांतली अक्षरे सुटी उच्चारली जातात, तिथे वेगळा प्रश्न आहे, आणि तो अलीकडे तातडीचा झाला आहे. इंग्रजी नवव्या अक्षराचे नाव मराठीत 'आय' आणि हिंदीत 'आई' असे लिहितात. आयटी, सीबीआय, एपीआय, यूपीआय ही मराठी रूपे जुनी आणि स्थिर आहेत. तरी हिंदी मजकुरावरून घाईने केलेल्या मराठी जाहिरातींत आणि बातम्यांच्या पट्ट्यांत आता 'एआई' दिसू लागले आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ते 'ए आई' दिसते, म्हणजे घरात शिरताना मूल आईला मारते ती हाक. कृत्रिम बुद्धिमत्तेचा संक्षेप मराठीत 'एआय' असाच हवा, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही. तसेच 'वाय-फाय'चे; 'वाई' हे साताऱ्याजवळचे गाव आहे.

विदागारांच्या, म्हणजे डेटाबेसच्या, 'एसक्यूएल' या भाषेचे नाव मात्र शब्द आणि सुटी अक्षरे यांच्यामध्ये उभे आहे. १९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली तेव्हा तिचे नावच 'सीक्वेल' होते. पुढे हे नाव विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे आढळल्याने त्यातले स्वर काढून 'एसक्यूएल' उरले. म्हणून सीक्वेल म्हणणारे चुकत नाहीत, ते जुने नाव उच्चारतात. मायएसक्यूएल या विदागार-प्रणालीच्या अधिकृत पुस्तिकेत तर सुटी अक्षरे हाच अधिकृत उच्चार म्हटले आहे आणि त्याच वाक्यात 'माय सीक्वेल' किंवा इतर स्थानिक उच्चारालाही हरकत नाही असे सांगितले आहे. नावातला 'माय' हा 'माझे' या अर्थाचा नाही. कर्ते माँटी विडेनियस यांच्या मुलीचे ते नाव आहे. मी लिहिताना 'एसक्यूएल' लिहिते, कारण मराठी वाचकाला 'सीक्वेल' म्हटले की चित्रपटाचा पुढचा भाग आठवतो.

आता सामान्यनामांकडे परत येते, कारण तिथे निर्मात्याचा शब्द बाजूला ठेवावा लागतो. सी या संगणकभाषेत एक अक्षर साठवणाऱ्या प्रकाराचे नाव 'कॅरेक्टर'चा संक्षेप आहे, तेव्हा शास्त्राने 'कॅर' म्हणायला हवे. पण आपल्याकडचे बहुतेक शिक्षक 'चार' म्हणतात. मीही म्हणत असे. एकदा फळ्याकडे पाठ करून मी 'चार व्हेरिएबल घ्या' असे सांगितले आणि वळून पाहते तो अर्ध्या वर्गाने एक, दोन, तीन, चार असे चार व्हेरिएबल लिहून काढले होते. त्यांनी मराठी वाक्य मराठीप्रमाणेच ऐकले होते. तेव्हापासून मी 'कॅर' म्हणते आणि तसेच लिहिते. इथे रूढीपेक्षा अर्थ स्पष्ट राहणे मोलाचे आहे.

'कॅशे'च्या, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ साठवून ठेवलेल्या माहितीच्या नावाच्या, बाबतीत हाच निकष उलट दिशेने नेतो. मूळ फ्रेंच शब्द लपवण्याच्या अर्थाचा, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार रोख पैशाच्या 'कॅश'सारखाच होतो. आपल्याकडे मात्र 'कॅशे' रुळले आहे आणि त्याला अशुद्ध म्हणून नावे ठेवली जातात. माझ्या मावशींच्या फोनवर बँकेचे ॲप अडकून बसले होते, तेव्हा मी त्यांना दूरध्वनीवरून 'त्या ॲपची कॅश क्लिअर करा' असे शुद्ध इंग्रजी उच्चारात सांगितले. त्या घाबरून म्हणाल्या, "अगं, सगळी कॅश कशी क्लिअर करू? पेन्शन कालच जमा झाली आहे." मराठीत कॅश म्हणजे रोकड, आणि 'कॅशे'मधला शेवटचा ए ती दोन नावे वेगळी ठेवतो. जो स्वर इंग्रजीच्या दृष्टीने चूक आहे, तो मराठीत अर्थ सांभाळण्याचे काम करतो, म्हणून टिपणांत मी 'कॅशे' निःसंकोच लिहिते.

माझ्याजवळ दोन जागा अजून रिकाम्या आहेत. घटकांचा न बदलणारा क्रमवार संच, त्याला कोणी 'टपल' म्हणते, कोणी 'ट्यूपल'. आणि पडद्याआड सतत चालणारी जी प्रक्रिया, तिला 'डीमन' म्हणतात किंवा 'डेमन'. दोन्ही सामान्यनामे आहेत, म्हणजे निकाल वापरावर अवलंबून आहे, आणि तो वापर मला एका महाविद्यालयाच्या चार भिंतींतून पुरेसा दिसत नाही. पुण्यात, नागपुरात, पणजीत किंवा परदेशात जे मराठीतून या विषयावर बोलतात, त्यांनी आपल्याकडे कोणता उच्चार चालतो ते एखाद्या पूर्ण वाक्यासह लिहावे. शब्दाचे लिंग आणि अनेकवचनही त्या वाक्यातून कळेल असे पाहावे.